सर्व्हरलाही एक्स्पायरी डेट असते!

मित्रांनो, ब्रेडच्या पाकिटावर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते, आपल्या कॉलेजच्या आयकार्डावरसुद्धा असते. पण ऑफिसच्या कोपऱ्यात, जुन्या फायलींच्या गठ्ठ्याला टेकून जो सर्व्हर वर्षानुवर्षं घूंऽऽ करत उभा असतो, त्याच्यावर तारीख कुठे असते? कुठेच नाही. आणि तरीही ती असते! गंमत म्हणजे तारीख उलटली तरी तो बंद पडत नाही. बिलं छापतो, फायली देतो, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक चाललंय. या लेखात मला ह्या न दिसणाऱ्या तारखेबद्दल आणि ती लक्षात ठेवणं ज्याचं काम आहे, त्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही कोण शहाणी? तर मी गोराईची. म्हणजे खाडीच्या अलीकडची, बोरिवलीतली गोराई. पलीकडच्या गोराई गावात जायला जेटीवरून बोट घ्यावी लागते. आमच्या बाजूची वस्ती १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या योजनेतली. छोटे प्लॉट, रो-हाऊस आणि पत्त्यात ‘आरएससी’ नंबर. वर घर आणि खाली दुकान किंवा ऑफिस असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. सीए, औषधांचे वितरक, ट्रॅव्हल एजंट, पॅथॉलॉजी लॅब... पाच-दहा-पंधरा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. आमच्या सोसायटीतले एक काका अशा ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतात. इंग्रजीत याला ‘आयटी पार्टनर’ म्हणतात, गोराईत ‘कॉम्प्युटरवाले काका’. सेकंड इयरपासून शनिवारी मी त्यांच्याबरोबर जाते. मायक्रोप्रोसेसरच्या जर्नलमध्ये जे नाही ते सगळं तिथे शिकले! (शाळा कॉन्व्हेंट होती, त्यामुळे मराठी थोडं भेळेसारखं आहे. सांभाळून घ्या.)

सर्व्हर नक्की करतो काय?

छोट्या ऑफिसात सर्व्हर साधारण तीन कामं करतो. एक, ओळख पटवणं. सकाळी लॉगिन करताना तुम्ही कोण, तुमचा पासवर्ड बरोबर आहे का, तुम्हाला कुठलं फोल्डर उघडता येईल, हे तो ठरवतो. याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि सेक्रेटरी एकाच माणसात, असं समजा. दोन, फायली एका जागी ठेवणं. तीन, हिशोबाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच वेळी वापरू देणं. पूर्वी चौथं कामही असायचं, ईमेल. ते आता बहुतेक क्लाउडवर गेलंय.

एका डब्यात सगळं जेवण

छोट्या धंद्यांना हे सगळं वेगवेगळं विकत घेणं परवडत नाही, हे मायक्रोसॉफ्टने ओळखलं आणि १९९७ मध्ये ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ काढला. थाळीसारखी कल्पना! विंडोज सर्व्हर, ईमेलसाठी एक्स्चेंज, फायली, फॅक्स, सगळं एकाच मशीनवर आणि एकाच किमतीत. २००३ ची आवृत्ती खूप चालली. तिला ७५ वापरणाऱ्यांची मर्यादा होती आणि एक मजेशीर अट होती: नेटवर्कमध्ये घरचा कर्ता तोच. एका डोमेनमध्ये असे दोन सर्व्हर चालत नसत. एका म्यानात दोन तलवारी नाहीत, तसंच!

या थाळीवर आयटी पार्टनर नावाचा एक अख्खा धंदा उभा राहिला. एकच माणूस वीस-तीस ऑफिसं सांभाळू शकत होता, कारण सगळीकडे तोच डबा होता. मग २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की २०११ ची आवृत्ती शेवटची. त्याऐवजी ‘एसेन्शियल्स’ आलं, २५ माणसं आणि ५० मशीन एवढ्यापुरतं, ईमेलशिवाय. २०१९ च्या आवृत्तीत त्यातली सोपी डॅशबोर्डची सोयही काढली. २०२२ ची एसेन्शियल्स तर सुटी मिळतच नाही, कंपनीच्या नव्या सर्व्हरबरोबरच येते.

म्हणजे थाळी बंद झाली आणि आता पदार्थ निवडायची जबाबदारी काकांवर आली.

तारखांची पाटी

काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर ही यादी आहे. मी ती इथे उतरवून देते. या तारखेनंतर कंपनी नेहमीचे सुरक्षेचे पॅच देत नाही.

विंडोज सर्व्हर २००३: १४ जुलै २०१५
विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ (स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ यावरच उभा): १४ जानेवारी २०२०
विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२: १० ऑक्टोबर २०२३ (त्यापुढे जादा पैसे भरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत)
विंडोज १०, म्हणजे टेबलावरचे पीसी: १४ ऑक्टोबर २०२५
एस्क्यूएल सर्व्हर २०१६: १४ जुलै २०२६
विंडोज सर्व्हर २०१६: १२ जानेवारी २०२७
विंडोज सर्व्हर २०१९: ९ जानेवारी २०२९
विंडोज सर्व्हर २०२२: १४ ऑक्टोबर २०३१
विंडोज सर्व्हर २०२५ (नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आला): २०३४ पर्यंत

लिनक्सवाल्यांनी हसू नका! सेंटओएस ८ चा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ ला संपला आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. फुकट मिळालं म्हणून अमर होत नाही.

एस्क्यूएल सर्व्हरची ओळ मुद्दाम घातली आहे. खालचं विंडोज नवीन असतं, पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरने गुपचूप बसवलेला डेटाबेस दहा वर्षांचा असतो. त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

तारीख उलटली तर काय होतं?

शेठ लोकांचा नेहमीचा प्रश्न: “चालतोय ना? मग कशाला खर्च?” याला दोन खरी उत्तरं आहेत.

पहिलं, वॉनाक्राय. विंडोजमध्ये फायली शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीत एक भोक सापडलं. त्याचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला आणि वॉनाक्राय १२ मे ला पसरला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते! ज्यांनी पॅच टाकला, त्यांचं हे दार बंद होतं. सर्व्हर २००३ ची तारीख आधीच उलटलेली, म्हणून त्याला पॅचच नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियम मोडून तो दिला, पण हल्ला सुरू झाल्यावर.

दुसरं उत्तर आपल्या जवळचं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला आणि मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली. त्यांच्या समूहाचं एक टर्मिनल न्हावाशेव्याच्या जेएनपीटीत आहे. तिथलं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. नॉटपेट्या वॉनाक्रायपेक्षा हुशार होता. तो जुन्या भोकातून शिरायचाच, पण मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड चोरून पॅच टाकलेल्या मशीनवरही जायचा. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

या गोष्टीतला माझा आवडता भाग पुढे आहे. मर्स्कचे जगभरचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. पण हल्ल्यात सगळेच पुसले गेले! वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो बंद होता. त्यावरून सगळं परत उभं केलं. वीज गेली म्हणून कंपनी वाचली!

आपल्यासारख्या इंजिनियरांनी यातून एकच वाक्य पाठ करायचं: नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. रेड लावलेल्या दोन डिस्कही बॅकअप नव्हे. एकीवर फाईल पुसली की दुसरीवरही त्याच क्षणी पुसली जाते.

एका वितरकाची गोष्ट

आमच्याच भागातल्या एका औषध वितरकाकडे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्व्हरची डिस्क गेली. नाव सांगत नाही. सर्व्हर बसवणारा पार्टनर दुसरा होता आणि तो वर्षभर फिरकलाच नव्हता. काकांना नंतर बोलावलं. बॅकअपची बाहेरची डिस्क होती, रोज रात्री अकराला बॅकअपही सुरू व्हायचा. पण डिस्क डिसेंबरमध्येच भरली होती. ‘बॅकअप अयशस्वी’ हा मेसेज आठ महिने रोज सर्व्हरच्या स्क्रीनवर येत होता आणि त्या सर्व्हरला मॉनिटरच जोडलेला नव्हता.

जीएसटीचं रिटर्न २० तारखेला. खरेदी-विक्रीची बिलं कागदावर होती हे नशीब. तिथे हिशोब बघणाऱ्या ताई आणि दोन मुलं अकरा रात्री बसून एंट्री करत होती. दोन रात्री मीही बसले. ताईंची मुलगी दहावीला, आणि त्या साडेअकराला घरी जायच्या. कोणाकडून किती येणं आहे हे आठ महिन्यांचं खातं परत जुळवायचं होतं, आणि काही दुकानदार “आम्ही तर पैसे दिले” म्हणत होते. ते किती पैसे बुडाले हे शेठने कोणाला सांगितलं नाही. ताईंना मात्र ऐकावं लागलं की “तुम्ही बघायला हवं होतं”. त्यांनी कसं बघायचं होतं? सर्व्हरच्या खोलीची किल्लीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती.

माझ्या मते या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे. सर्व्हर बिघडतो तेव्हा निर्णय घेणारा वेगळा असतो आणि रात्री जागणारा वेगळा.

काकांचे बॅकअपचे नियम

१) तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं तर सर्व्हर आणि शेजारची बॅकअप डिस्क एकत्रच भिजणार. काका गमतीने म्हणतात, “एक प्रत खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे!”

२) डिस्क दोन ठेवा, आलटून पालटून लावा, काम झालं की काढा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअर पण वाचतो आणि लॉक करतो.

३) बॅकअप यशस्वी झाला की नाही, याचा ईमेल पार्टनरला रोज आला पाहिजे. ईमेल आलाच नाही, तर ती पण धोक्याची घंटा.

४) दर तीन महिन्यांनी एकदा बॅकअपमधून एक फाईल आणि हिशोबाची एक कंपनी दुसऱ्या मशीनवर परत उघडून बघा. उघडलं नाही तर तो बॅकअप नाही, नुसती डिस्क आहे.

५) डोमेन कंट्रोलरचा ‘सिस्टिम स्टेट’ बॅकअप वेगळा घ्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो १८० दिवसांपेक्षा जुना असेल तर परत टाकायच्या कामाचा राहत नाही. हा प्रश्न व्हायव्हाला विचारला तर अर्धा वर्ग उडेल!

पॅच: घाई नको, आळसही नको

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. मग बुधवारी सकाळी लगेच टाकायचे का? नाही. ११ जानेवारी २०२२ च्या पॅचनंतर काही डोमेन कंट्रोलर परत परत आपोआप रिस्टार्ट व्हायला लागले आणि २०१२ आर२ वर हायपर-व्हीची व्हर्च्युअल मशीन सुरूच होईनात. दुरुस्तीचा पॅच १७ जानेवारीला आला. म्हणून काका साधारण आठवडाभर थांबतात, आधी स्वतःच्या टेस्ट मशीनवर टाकतात, मग शनिवारी दुपारनंतर गिऱ्हाइकांकडे. आणि आधी बॅकअप. एखाद्या भोकातून हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल, तर मात्र थांबायचं नाही.

पॅच आपोआप टाकणारी बाहेरची सॉफ्टवेअरंही डोळे उघडे ठेवून वापरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही ठिकाणी अशा सॉफ्टवेअरने सर्व्हर २०२२ ला नेहमीचा पॅच समजून थेट सर्व्हर २०२५ करून टाकलं! त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. झोपताना एक सर्व्हर, उठल्यावर दुसरा!

मागचं दार

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा, आणि देशभर लॉकडाऊन. त्यात मार्चअखेर! घरून ऑफिसचा सर्व्हर उघडता यावा म्हणून कितीतरी ठिकाणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटला उघडा केला गेला. लॉकडाऊन उठला, पण असं दार बंद करायचं राहून जातं. पोर्टचा नंबर बदलणं म्हणजे घराची पाटी बदलणं, चोराला फरक पडत नाही. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप, वर मोबाईलवरचा दुसरा कोड. एवढं केलं तरी खूप.

आणि पार्टनर मंडळींनो, सगळ्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरला एकच ॲडमिन पासवर्ड ठेवू नका! एका ऑफिसातून तो गेला की सगळी गेली. पुरवठादार पडला की त्याच्यामागे किती जण पडतात, हे ३१ जुलै २०२४ ला दिसलं. सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने तिला तात्पुरतं वेगळं काढलं, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती.

वीज आणि घड्याळ

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि काही तास गेलीच. यूपीएस सर्व्हर चालवायला नसतो, नीट बंद करायला असतो. म्हणून यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः बंद होईल. ही केबल बऱ्याचदा खोक्यातच राहते.

वीज गेली-आली की जुन्या मशीनचं घड्याळही मागे पडतं, कारण मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो. सर्व्हर आणि पीसीच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर लॉगिन होत नाही, कारण ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत वेळ तपासते. अशा वेळी सगळे पासवर्ड बदलत बसतात आणि दोष असतो एका सेलचा!

कायदा काय म्हणतो

सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. लॉगची जागा कमी असेल तर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, म्हणून ती आधीच वाढवा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात कोणी काय बदललं याची नोंद राहते. आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा. रोज म्हणजे रोज!

मग नवीन काय घ्यायचं?

सगळ्यांना एकच औषध नाही. पाच माणसांच्या ऑफिसात नुसत्या फायली असतील तर क्लाउड किंवा छोटं नॅस पुरतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर आतच चालवायचं असेल तर विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घ्या. त्याच्या एका लायसन्सवर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात: एकावर डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर हिशोब. एक बिघडलं तर दुसरं वाचतं. लिनक्स येत असेल तर सांबा २०१२ च्या ४.० आवृत्तीपासून डोमेन कंट्रोलरचं काम करतं.

स्टँडर्डला प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा मशीनचं वेगळं लायसन्स लागतं, त्याला कॅल म्हणतात. दोन शिफ्टमध्ये एकाच पीसीवर चार जण बसत असतील तर मशीनचं कॅल स्वस्त. एकच माणूस पीसी, लॅपटॉप आणि मोबाईल वापरत असेल तर माणसाचं. सर्व्हरवर बसून अनेकांनी रिमोट डेस्कटॉप वापरायचा असेल तर त्याचं कॅल निराळं. ते घेतलं नाही तरी १२० दिवस सगळं छान चालतं आणि मग एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही. तोपर्यंत बसवणारा पैसे घेऊन गेलेला असतो!

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण प्लेसमेंटसाठी मोठ्या कंपन्यांची नावं घेत बसतात. घ्या, मीही घेते! पण आपल्याच गल्लीत एवढी ऑफिसं आहेत ज्यांना वर्षातून चार वेळा येऊन नीट बघणारा माणूस हवा आहे. सर्व्हर विकून एकदाच पैसे मिळतात. वर्षाचा एएमसी करार करून तारखा, बॅकअप आणि पॅच सांभाळणाऱ्याला दर वर्षी मिळतात, आणि ताईंसारख्या माणसांच्या रात्री वाचतात.

तोवर एक काम करा. या सुट्टीत आई-बाबांच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या ऑफिसात गेलात तर तीनच प्रश्न विचारा. सर्व्हरवर कुठलं विंडोज आहे? शेवटचा बॅकअप कधी झाला? तो परत उघडून कोणी बघितला? तिसऱ्या प्रश्नाला जर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर खुर्ची ओढा आणि बसा. काम तिथूनच सुरू होतं.